निर्माल्याचा चहा

बडोद्याहून परतल्यापासून वर्ध्यात भेटेल तो विचारतो, "मग, राजवाडा पाहिलात? कमाटीबागेत गेलात? तिथला तो हिरवा चिवडा आणलात का?" चिवडा आणला. राजवाडा आणि बाग राहूनच गेली. माझे तिथले दिवस एका चहाशी भांडण्यात गेले, आणि तो चहा अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. लिहून काढला तर उतरेल अशी आशा आहे. शिवाय आमच्याकडेही आता हळदीकुंकवाच्या वाणात तसल्या चहाच्या पुड्या येऊ लागल्या आहेत, तेव्हा हे वाचून कोणी एकीने जरी भांडं गॅसवरून खाली उतरवलं तरी माझे कष्ट सार्थकी लागले.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन बडोद्याला गेली आणि तिथलीच झाली. भाऊजींचे पूर्वज संस्थानच्या कचेरीत नोकरीला आले होते. त्या घरात अजून मराठी बोलतात, पण जिना उतरला की गुजराती सुरू होते आणि जिन्यातली गुजराती हळूहळू घरातही येते. अक्काला रक्तदाबाचा त्रास जुना आहे. आमची आई त्याच दुखण्याने गेली, एका सकाळी, फोडणी घालता घालता. त्यामुळे अक्काच्या गोळीचा विषय निघाला की मी हळवी होते, आणि हळवी झाले की मी चिडते. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला. चुकीचं उत्तर ऐकलं की खडू फेकायची सवय होती, आता हातात खडू नसतो एवढाच फरक.

दांडिया बाजार

गाडीने पहाटे बडोद्यात सोडलं. थंडी चांगलीच होती. स्टेशनाबाहेर चहाच्या लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, आल्याचा वास सुटला होता, पण म्हटलं, आता अक्काच्याच हातचा घेऊ. ही माझी पहिली चूक.

दांडिया बाजारातल्या घराचं दार अक्काने उघडलं, गळ्यात पडली, माझी पिशवी ओढून घेतली. "आली का ग नलू! चाल, बेस आधी. किती थकलीस!" मी बसले. आत भांड्यांचा आवाज झाला आणि ती काचेचा कप घेऊन आली. कपात जांभळट लाल रंगाचं कोमट पाणी होतं.

"हे काय?"

"चा."

"दूध?"

"यात दूध नाय घालायचं. जास्वंदीचा आहे. बीपीला एकदम सरस. पी ने, उगाच अमस्ती कटकट नको करू."

रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला चहा द्यायचा, हा साधा माणुसकीचा नियम आहे. आमच्याकडे कोर्टात भांडणारा भाऊबंद दारात आला तरी आधी चहा मिळतो, मग बोलणं. आणि सख्ख्या बहिणीने मला फुलांचं पाणी द्यावं! तरी मोठ्या बहिणीचा मान म्हणून घोट घेतला. चव कसलीच नव्हती. थोडं बुळबुळीत लागलं, आणि घशाखाली गेल्यावर तेलकट काहीतरी जिभेवर राहिलं. कप रिकामा केला तर तळाशी शेंदरी रंगाचा बारीक गाळ बसलेला.

"अक्का, हा गाळ कसला?"

"टाकू नको तो. प्रसाद आहे."

तिने ओट्यावरची पुडी आणून दाखवली. वर लाल जास्वंदीचं चित्र, कोपऱ्यात गणपती, आणि खाली छापलेलं: प्रसाद चहा. रक्तदाब, मधुमेह, केस, कांती, सर्वांवर गुणकारी. हजारो वर्षांची परंपरा. रक्तदाबावर आणि केसांवर एकच औषध चालतं हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. पण पहाटेची वेळ, मी गप्प बसले. माझ्या हिशेबी ते फार मोठं सौजन्य होतं.

शेवउसळ

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी "फिरायला" निघाले आणि मला चल म्हणाले. ते फिरणं पुढच्या वळणावर संपलं. तिथे लारीवर त्यांनी दोन चहा सांगितले, दुधाचे, मसाल्याचे, उकळून उकळून लाल झालेले. आजूबाजूला बघत त्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"रोज येता?"

"रोज. घरी दूध आहे, साखर आहे, चहाची पत्ती मात्र हिने काढून टाकली," ते म्हणाले. "तू बोलू नको हां नलू. तिला वाईट वाटेल."

मग शेवउसळ खाल्ली. वाटाण्याची उसळ, वर भरपूर शेव, हिरव्या लसणाची पात, बाजूला वाटीत लालभडक तर्री, पाहिजे तेवढी घाला. बडोद्याचे लोक ही आपली म्हणून छाती पुढे काढतात. आम्ही वर्ध्याचे लोक तर्री पोह्यांवर घालतो आणि आमची छातीही तेवढीच पुढे असते. त्यांची तर्री किंचित गोड आहे, हे मी भाऊजींना सांगितलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खाता खाता मी त्या पुडीचं विचारलं. तेव्हा सगळं कळलं. पलीकडच्या गल्लीत गणपतीचं छोटं देऊळ आहे. तिथे मराठी बायकांचं भजनी मंडळ आहे आणि अक्का त्यात सुरुवातीपासून आहे. देवळात रोज जास्वंदीची फुलं पडतात, चतुर्थीला तर ढीग लागतो. पूर्वी निर्माल्य विश्वामित्रीत सोडत. आता पुलावर जाळ्या आहेत, नदीत मगरी आहेत, आणि नदीत पाणी म्हणून जे आहे त्यात देवाची फुलं सोडायला मन होत नाही. कचऱ्याच्या गाडीत तर निर्माल्य घालायचं नाही. मग करायचं काय? मंडळाच्या प्रमुख शिर्केवहिनी यांनी तोड काढली. फुलं गच्चीवर वाळवायची, पुड्या भरायच्या, भाविकांना वाटायच्या. परदेशात लोक हा चहा पितात असं त्यांनी फोनवर वाचलं होतं.

"म्हणजे ही देवावरून उतरवलेली फुलं?" माझा घास हातातच राहिला. "भाऊजी, निर्माल्य उकळून प्यायची हजारो वर्षांची परंपरा कोणाच्या घरची?"

"मला नको विचारू," भाऊजी म्हणाले. "एकदा प्रसाद म्हटलं की नाही कसं म्हणणार? मी पण तिच्यासमोर घेतो. पछी इथे येतो."

संताप झाला, खरं सांगते. पण भाऊजींवर किती चिडणार? घाबरलेल्या माणसावर चिडलं की तो आणखी घाबरतो. मी तर्री आणखी मागवली.

अलकापुरी

संध्याकाळी अक्का मला अलकापुरीत घेऊन गेली. मोठ्या काचांची दुकानं, गाड्यांची गर्दी, आणि एक असं चहाचं दुकान जिथे चहा सोडून सगळं मिळतं. अक्का विजयी चेहऱ्याने म्हणाली, "तुला खोटं वाटतं ने? बघ, इथेही मिळतो. मोठी मोठी माणसं येऊन पितात." तिने दोन मागवले.

उंच ग्लासात बर्फ घालून गर्द लाल पेय आलं, मेंदीसारखा नाही, चांगला डाळिंबासारखा रंग. मी घोट घेतला आणि हसू आवरेना. जिभेला ती आंबट चव लागताच मी थेट आमच्या शेतात पोचले. लाल अंबाडी! तुरीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोणी न लावता, कोणी न विचारता उभी असते ती. फूल गळून गेलं की बोंडाभोवती लाल, मांसल, आंबट आवरण उरतं. आई त्याची चटणी करायची, सरबत करायची, साखर घालून घट्ट मुरंबा करायची. पाहुण्यांपुढे मात्र ठेवायची नाही, धुऱ्यावरची वस्तू म्हणून. तीच अंबाडी इथे थंड हवेत, मंद दिव्यांत, नळी घालून लोक पीत होते आणि पुड्यावर पिरॅमिडचं चित्र होतं.

"अक्का, ही अंबाडी आहे! आपली बोंडं!"

"असेल," अक्का म्हणाली. "मग चांगलंच ने?"

मग मी तिला सगळं सांगितलं, वर्गात सांगायची तसं. जगभर जो लाल चहा पितात तो या अंबाडीच्या बोंडांचा. हे झाड मूळचं आफ्रिकेचं. सुदानात आणि इजिप्तमध्ये त्याला करकडे म्हणतात, लग्नकार्यात पाहुण्यांना देतात, आपण पन्हं देतो तसं. पश्चिम आफ्रिकेत त्याला बिसाप म्हणतात. तिथली माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबून समुद्रापार नेली, त्यांच्याबरोबर हे झाडही तिकडच्या बेटांवर पोचलं, आणि तिथे आता ते नाताळात पितात. आपल्याकडे कधी आलं, कोणाच्या गलबतातून आलं, हे मला नक्की माहीत नाही, पण आलं आणि धुऱ्यावर राहिलं. त्यात आंबटपणा आहे, रंग देणारी द्रव्यं आहेत, थोडं क जीवनसत्त्व आहे. रक्तदाब त्याने थोडा उतरतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे. थोडा. गोळीच्या जागी घ्यावा इतका नाही, आणि गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. जास्वंद त्याच कुळातली, पण ती वेगळी, पूर्वेकडून आलेली. स्वच्छ बागेतली दोन फुलं टाकून काढा केला तर त्याने कोणी मरत नाही. पण देवळातल्या फुलांचा तो चहा म्हणजे हा चहा नव्हे.

अक्काने सगळं ऐकलं. तिने नळी काढून ठेवली आणि ग्लास तोंडाला लावून संपवला. "आंबट आहे," ती म्हणाली. "आमचा जास्त छान. आणि त्याला देवाचा हात लागलाय."

शेजारच्या टेबलावर दोन मुलं याच पेयाचा फोटो काढत होती. त्यांनाही एक व्याख्यान द्यावं असं वाटलं, पण अक्काने हाताला धरून बाहेर आणलं.

डभोई

बडोद्याजवळच्या डभोईला जाऊन तिथली जुनी वेस पाहावी ही माझीच हौस. बस शहराबाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना कापूस, तूर, एरंडी दिसायला लागली. आमच्याकडचीच पिकं, फक्त माती जरा निराळी. अक्का खिडकीशी बसून प्रत्येक झाड ओळखत होती. वाटेत एका फाट्यावर जांब, म्हणजे पेरू, घेतले, मीठ-मिरची लावून खाल्ले, बहिणी-बहिणी खूप हसलो. आई हयात असती तर दोघींना बडबडू नका म्हणाली असती.

डभोईची वेस मात्र पाहावीच. दगडाच्या प्रत्येक बोटभर जागेत कोरीवकाम आहे, हत्ती, माणसं, वेली, आणि त्याच्या खालून मोटारसायकली आणि दुधाच्या किटल्या जातात. मी मान वर करून बघत होते आणि अक्काला एकेक आकृती दाखवत होते. उत्तर येईना म्हणून वळले. अक्का दगडाला हात टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक. "नलू," ती म्हणाली, आणि खाली बसली. बसली म्हणजे पाय गेले.

समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या माणसाने खुर्ची आणली. "बा, बेसो, बेसो, पाणी पीओ," म्हणत त्याने पेला तिच्या हातात दिला आणि दुकानाचा पंखा तिच्याकडे वळवला. मी तिच्या पर्समध्ये गोळ्या शोधायला लागले. रुमाल होता, जपमाळ होती, प्रसाद चहाची पुडी होती. गोळ्यांची पाकिटं नव्हती.

"आजची गोळी घेतलीस ना?"

ती पाणी पीत राहिली.

"अक्का, गोळी घेतलीस?"

"बंद केली," ती म्हणाली. "चहा सुरू केला तेव्हाच."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दुकानदाराला मराठी येत नव्हती, पण त्याला सगळं समजलं असावं, कारण तो हळूच आत निघून गेला. मला आईचा ओटा दिसत होता. कढई तशीच गॅसवर, तेल जळून धूर झालेला. आणि ही बाई मला सांगत होती की चहा सुरू केल्यापासून तिला फार हलकं वाटतं!

परतीच्या बसमध्ये तिला आधी डॉक्टरांकडे चल म्हणून सांगितलं. नाही म्हणाली. निदान घरातली जुनी गोळी घे म्हटलं. नाही म्हणाली. "संकष्टीपर्यंत नेम धरलाय. शिर्केवहिनी म्हणतात, श्रद्धा अर्धी नको. एक हात देवाकडे आणि एक हात गोळीकडे, असं चालत नाही. जे करायचं ते पूर्ण मनाने."

संकष्टी परवावर होती. घरी आल्यावर भाऊजींना सांगितलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. गोळ्या ती रोज पाकिटातून काढायची आणि कुंडीत टाकायची. नवऱ्यापुढे लबाडी चालली, नेमात खोट चालली नाही. या हिशेबाला मी काय नाव देऊ?

देवळाची गच्ची

दुसऱ्या दिवशी मी अक्काला न सांगता देवळात गेले. देऊळ लहान, स्वच्छ, गाभाऱ्यात शेंदराने माखलेला ठसठशीत गणपती. मी नमस्कार केला. देवाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते. वर गच्चीवर पांढऱ्या धोतरावर फुलं पसरलेली होती आणि तीन-चार बायका गप्पा मारत त्यातली देठं काढत होत्या. मध्ये शिर्केवहिनी. घराणं फौजेतलं, आवाज तसाच. ऊन आलं की स्वतः उठून धोतर सावलीत ओढायच्या, कोणाला सांगत बसायच्या नाहीत. मला बघून त्यांनी अगत्याने पाट दिला, चिवडा दिला, अक्काकडून ऐकलेल्या माझ्या गुडघेदुखीचं विचारलं. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी एक फूल उचललं. पाकळ्या वाळून काळपट झाल्या होत्या आणि त्यांच्यावर शेंदूर लागलेला होता, तेलात कालवलेला, घट्ट. बोटं शेंदरी झाली. कपाच्या तळाशी काय बसत होतं ते तेव्हा समजलं.

"वहिनी, याला शेंदूर आहे."

"असणारच. बाप्पाच्या अंगावरची फुलं आहेत."

"धुवत का नाही?"

शिर्केवहिनी हसल्या, इतरही हसल्या. "प्रसाद धुवायचा? काय बोलता ताई! शेंदूर लागलाय तोच तर खरा. ज्या पुडीत जास्त, तिच्यावर उड्या पडतात."

मी सांगितलं की शेंदरात बहुतेक वेळा शिसं असतं. शिसं पोटात जाणं वाईट, मुलांना तर फारच वाईट, मोठ्यांचाही रक्तदाब त्याने वाढू शकतो. ज्या दुखण्यावर तुम्ही हा चहा देता, तेच दुखणं त्याने वाढेल. शांतपणे सांगितलं, निदान सुरुवात शांतपणे केली. शिर्केवहिनींच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे बाप्पाच्या अंगावरचं विष आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"बाप्पा तो पीत नाही, वहिनी. तुम्ही पिता."

एवढं बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. निर्माल्य देवावरून उतरवून आदराने विसर्जन करायचं असतं, हे माझ्या आजीने मला शिकवलं, तिला शाळेचं तोंड माहीत नव्हतं. ते परत तोंडात घालायचं नसतं. म्हणजे यांचं वागणं विज्ञानात बसत नाही आणि धर्मातही बसत नाही. शिर्केवहिनी म्हणाल्या, "पाहुण्या आहात, म्हणून ऐकून घेतलं."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. अक्का दारातच उभी. "माझी इज्जत काढलीस तू," ती म्हणाली. "माझी माणसं आहेत ती. तू चार दिवसांनी जाशील. मला इथेच राहायचंय." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण रागाने. दोघी जेवलो नाही. भाऊजींनी एकट्याने खिचडी खाल्ली आणि भांडी घासून ठेवली.

संकष्टी

संकष्टीला दुपारी देवळात भजन होतं. अक्का चल म्हणाली नाही, नको येऊही म्हणाली नाही. मी गेले आणि मागे खांबाला टेकून बसले. तिला परत चक्कर आली तर धरायला कोणी तरी हवं होतं. भजन छान झालं. बायकांचे आवाज गोड, झांजांचा ठेका सरळ, आणि अक्काचा आवाज सगळ्यांत वर. लहानपणी आम्ही दोघी एका चादरीत झोपायचो तेव्हा ती असंच गायची. तिच्या गळ्याची शीर टरारून फुगलेली दिसत होती. मला भजन ऐकू येईना.

भजनानंतर उपासाचा फराळ झाला. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट वर पेरलेलं, आणि बटाट्याची भाजी. साबुदाण्यात साखर जरा जास्त, बडोद्याची सवय. मग किटली आली आणि प्रत्येकीच्या कपात तो लाल चहा ओतला गेला. माझा कप मी पालथा ठेवला.

शिर्केवहिनींनी खिचडी संपवली, हात पुसले, पर्स उघडली. बोलणं चालूच होतं, पुढच्या महिन्यात पुड्या छाणी गावातल्या देवळातही द्यायच्या असं काही तरी. बोलता बोलता त्यांनी एक छोटी डबी काढली, डबीतून पांढरी गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि प्रसाद चहाच्या घोटाबरोबर गिळली. अगदी सहज, आपण सुपारी टाकतो तशी.

अक्काच्या हातात कप होता. तो तिने खाली ठेवला.

"वहिनी, गोळी कसली?"

"बीपीची. सकाळी गडबडीत राहिली."

"तुम्ही गोळी घेता?"

"हां ने. रोज." त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "चहा तर वरून."

"तुम्ही म्हणाला होतात, श्रद्धा अर्धी नको."

आता शिर्केवहिनींनी वर पाहिलं. बाकीच्या बायकांचे कप हवेतच थांबले. "अग, पण," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला, "माझं बीपी खरंच जास्त आहे."

मी उठून काय काय बोलणार होते! एका दमात आफ्रिकेपासून शेंदरापर्यंत सगळं तयार होतं. पण अक्का आधी उठली. तिने पदर सावरला, गाभाऱ्याकडे वळून हात जोडले, चपला घातल्या आणि पायरीवरून मला म्हणाली, "रिक्षा बोलाव." शिर्केवहिनी मागून "ऐक तरी, अग ऐक" करत होत्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता. स्वतःसाठी गोळी आणि दुसरीसाठी श्रद्धा! आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. दुसऱ्याचं दुखणं त्यांना खरं वाटलंच नव्हतं.

डॉक्टर जवळच होत्या, गुजराती, वयाने आमच्या मुलीसारख्या. त्यांनी अक्काच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, परत बांधला, परत पाहिला आणि आधी गोळी दिली. मग छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. मग मी शेंदराचं सांगितलं, तेव्हा रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली आणि पुडी स्वतःकडे ठेवून घेतली. मी परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि आकडा खाली आलेला डोळ्यांनी पाहिल्यावरच वर्ध्याची गाडी धरली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी डॉक्टरांनी अक्काला विचारलं, "बा, चक्कर आवे छे? माथुं दुखे छे?" ती नेहमीसारखं "मजेमां, मजेमां" म्हणेल म्हणून उत्तर द्यायला मीच तोंड उघडलं. पण अक्का बोलायला लागली. रोज सकाळी डोळ्यांपुढे अंधारी येते. भिंतीला धरून न्हाणीत जावं लागतं. मान जड होते, डाव्या हाताला मुंग्या येतात. चहा सुरू केल्यापासून, डभोईच्या कितीतरी आधीपासून. भाऊजी दाराशी उभे होते, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "एटली तकलीफ थती हती, तो कोईने कह्युं केम नहीं?" इतका त्रास होत होता तर कोणाला सांगितलं का नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

"प्रसाद हतो ने, बेन," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि मराठीत, अगदी हळू म्हणाली, "प्रसादाने बरं वाटत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं, नलू?"